झोप लागेल असा ट्रेलर

दुपारची झोप काढायला माणूस साधारणपणे घरातल्या दिवाणापर्यंत जातो. आम्ही मिशिगनहून नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांपर्यंत गेलो. परत आल्यापासून ट्रॉयमधली मंडळी विचारतात, "एवढं लांब कशाला गेला होतात?" मी सांगतो, "ट्रेलर बघायला." ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

ट्रॉय

आम्ही इथे आलो तेव्हा गावात मराठी घरं मोजकीच होती. त्यातली चार घरं दर उन्हाळ्यात लेक मिशिगनच्या वाळूच्या टेकड्यांकडे तंबू घेऊन जायची. मुलं एका तंबूत, बायका दुसऱ्यात, आणि आम्ही पुरुष शेकोटीपाशी, लाकडं आपल्यालाच पेटवता येतात असा प्रत्येकाचा समज. सकाळी शैला, म्हणजे माझी बायको, पोह्यांची फोडणी टाकायची आणि शेजारच्या तंबूतलं गोरं कुटुंब नाक वर करून हिंगाचा पत्ता शोधायचं. तिसऱ्या दिवशी ते ताटल्या घेऊनच यायचे.

मग मुलं मोठी झाली. एक घर फ्लोरिडाला गेलं. दिलीप आणि रोहिणी मुलाजवळ राहायला नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला गेले. एका घरातली दोघंही आता नाहीत. उरलो आम्ही, एका तंबूत दोघं.

गेल्या वर्षी शैलाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर आम्ही एकदाच तंबूत राहिलो. सकाळी तिला जमिनीवरून उठता येईना. मी ओढायला गेलो आणि मीही खाली बसलो. शेवटी पलीकडच्या तंबूतल्या दोन धट्ट्याकट्ट्या मुलांनी आम्हाला एकेक करून उभं केलं. सगळ्यांत जास्त हसली ती शैलाच. घरी आल्यावर आठवड्याभरानं मी तळघरात गेलो तर स्लीपिंग बॅगा जागेवर नव्हत्या.

"देऊन टाकल्या," ती म्हणाली.

"कोणाला?"

"ज्यांना जमिनीवरून उठता येतं त्यांना."

तो हिवाळा मला फार लांब वाटला. मिशिगनमध्ये हिवाळा लांबच असतो, पण यंदा त्याच्या पलीकडे काही दिसत नव्हतं. शैला टीव्हीसमोर बसायची, मी तिच्याशेजारी बसायचो, आणि पडद्यावर कोणी ना कोणी डोंगरात हिंडत असायचं. पुढची सगळी वर्षं अशीच, दुसऱ्यांचे डोंगर बघत जाणार की काय, असं मला वाटायला लागलं. मी फायबरग्लासच्या छोट्या ट्रेलरबद्दल वाचायला लागलो ते तेव्हा.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीमागे ओढायचे नेहमीचे ट्रेलर म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेले पत्रे. जिथे जोड तिथे आज ना उद्या पाणी. फायबरग्लासचा ट्रेलर होडीसारखा साच्यात ओततात, दोन भागांत, आणि ते भाग मधोमध जोडतात. फोडलेल्या नारळाच्या दोन वाट्या पुन्हा एकमेकींवर बसवाव्यात, तसा दिसतो. जोड एकच, वजन कमी, त्यामुळे आमच्या गाडीसारखी घरगुती गाडीही त्याला ओढू शकते. जुने झाले तरी ते मरत नाहीत. ज्यांच्याकडे असा ट्रेलर असतो ती माणसं त्याबद्दल रत्नागिरीकर हापूसबद्दल बोलतात त्या सुरात बोलतात.

मी आयुष्यभर गाड्यांच्या सस्पेन्शनचं डिझाइन केलं, त्यातले बिघाड शोधले. वजन, उंची, चाकावरचा भार, हे माझे विषय. महिनाभरात मी तीन ट्रेलर निवडले: एक ओहायोत, एक केंटकीत, एक नॉर्थ कॅरोलायनात. मग शैलाला सांगितलं.

तिने आधी केतकीला फोन लावला. केतकी आमची मुलगी, रेडमंडला असते. "बाबा, सीरियसली?" ती स्पीकरवर म्हणाली. "आईची हिप आत्ता कुठे हील होतेय. एखादी छान केबिन बुक करा ना. विथ अ प्रॉपर बेड."

"केबिनमध्ये काय वाईट आहे?" शैलाने मला विचारलं.

"काही वाईट नाही. पण ती दुसऱ्याची असते, आणि अकरा वाजता किल्ली परत द्यायची असते."

तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "ठीक आहे, येते. पण माझी एक अट. दुपारी जेवून मी त्या ट्रेलरमध्ये आडवी होणार. डोळा लागला तर घ्या. एकातही नाही लागला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"फक्त झोप? बाकी काही बघणार नाहीस?"

"वजन तुम्ही मोजा. मला ते कळत नाही, झोप कळते. आणि तुमचं मन राखायला मी सोंग घेणार नाही, आधीच सांगते."

ऑपरेशनपासून तिची झोप गेलेली होती. घरच्या पलंगावरही ती हप्त्याहप्त्यानं यायची. म्हणजे अट साधी दिसत असली तरी पैज माझ्या विरुद्धच होती. तिलाही ते ठाऊक होतं.

ओहायो

डेटनच्या पुढे एका गावात वॉल्टर नावाचे गृहस्थ राहतात. शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी त्यांचा जुना ट्रेलर असा नटवला होता की आत पाय ठेवायला संकोच वाटावा. चौकटीचौकटीची फरशी, लाल रेक्झिनच्या गाद्या, बंद पडलेला पण चकचकीत रेडिओ. दारावर पितळी पाटी: हा ट्रेलर कोणी, किती मेहनतीनं पुन्हा उभा केला वगैरे. आपल्याकडे पूल बांधला तरी एवढी मोठी कोनशिला बसवत नाहीत. चुकलो, बसवतात.

आम्ही सवयीनं दाराशी चपला काढल्या. वॉल्टर हेलावले. "ट्रेलर बघायला आलेल्या माणसांपैकी बूट काढणारे तुम्ही पहिलेच," ते म्हणाले. त्यांना तो आदर वाटला. तो आदर नव्हता, आईचा धाक होता. 

दुपार झाली तेव्हा त्यांच्या अंगणातल्या बाकावर बसून आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला दहीभात खाल्ला. मग मी विनंती केली.

"झोपायचंय?" वॉल्टरनी विचारलं. "बरं नाही का त्यांना?"

"बरं आहे. जेवण झालंय."

हे त्यांच्या पचनी पडेना. अमेरिकेत धडधाकट माणूस दिवसा झोपला तर तो एक तर आजारी असतो किंवा बेकार. आमच्या साताऱ्यात दुपारची झोप हा जेवणाचाच शेवटचा पदार्थ होता, ताकानंतरचा. माझे वडील डाव्या कुशीवर वळले की घरातलं घड्याळसुद्धा हळू वाजायचं.

या ट्रेलरमध्ये जेवणाचं टेबल खाली उतरवलं की त्याचाच पलंग होतो. शैलाने ती क्रिया दोनदा बघितली आणि म्हणाली, "म्हणजे टेबल पुसल्याशिवाय कोणाला झोपता येणार नाही. सासूबाईंना फार आवडलं असतं." मग ती आडवी झाली आणि मी दार ओढून घेतलं.

पण वॉल्टर बाहेर होते. शांतता राखायला म्हणून ते मला ट्रेलरच्या मागच्या बाजूला घेऊन गेले आणि तिथे त्यांनी मला रिव्हेट, म्हणजे भिंतीला खिडक्या-कपाटं धरून ठेवणारे खिळे, यांची विद्या शिकवायला सुरुवात केली. बँड शिकवणाऱ्या माणसाचा आवाज; शेवटच्या बाकापर्यंत पोचायची त्याला सवय. फायबरग्लासची भिंत त्यापुढे काय टिकणार? थोड्या वेळाने खिडकी उघडली.

"अहो, झालं का त्यांचं? मला आता परीक्षेला बसता येईल."

झोप लागली नव्हती. शिवाय पलंग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा होता. आतल्या माणसाला उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून. नव्या खुब्याला ते जमणारं नव्हतं. वॉल्टरनी निघताना आम्हाला घरच्या टोमॅटोंची पिशवी दिली आणि पाटीवरून एकदा हात फिरवला.

केंटकी

दुसरा ट्रेलर नवा कोरा होता आणि तो एका मोठ्या विक्रीच्या मैदानावर होता. त्या मैदानात शिरल्यावर मला प्रथमच कळलं की माणसं घरापासून लांब जायला निघतात ती घर सोबत घेऊनच. बसएवढ्या गाड्या. एकीत झुंबर होतं. एकीत विजेवर चालणारी शेकोटी होती, तिच्यातल्या ज्वाळांचा रंग बटणानं बदलायचा. तिच्याच वर टीव्ही, त्यावर जंगलाचं चित्र. या गाडीतून जंगलात जाणाऱ्याला खिडकीबाहेर बघायचं काही कारणच उरलेलं नव्हतं.

ब्रँडी नावाच्या विक्रेत्या बाईंनी आमचा ताबा घेतला. "हनी, हिच्यात दोन बाथरूम आहेत," त्यांनी शैलाला सांगितलं.

"आम्ही दोघंच आहोत."

"तेच तर! एकेक."

आमचा ट्रेलर मैदानाच्या कोपऱ्यात होता, मोठ्यांच्या लग्नात हरवलेल्या पोरासारखा. आतून मात्र स्वच्छ, उजेड भरपूर. कपाटाएवढ्या एका कोनाड्यात संडास, आणि त्याच्याच डोक्यावर आंघोळीचा फवारा. ब्रँडी तो मोठ्या कौतुकानं दाखवत होत्या.

"गिरगावात आमच्या मामाकडे अस्संच होतं," शैला मला म्हणाली. "तिथे त्याला अडचण म्हणायचे. इथे फीचर म्हणतात."

दोन शेगड्यांच्या गॅसवर तिने हात फिरवला आणि आत फोडणी टाकता येईल का म्हणून विचारलं. आधी फोडणी म्हणजे काय ते समजवावं लागलं. गरम तेलात मोहरी हे ऐकून ब्रँडींनी छतावरच्या धुराच्या गजराकडे पाहिलं. "आत कोणी स्वयंपाक करत नाही, हनी. सगळे बाहेरच करतात." मला इथल्या लोकांचं हे कोडं सुटलेलं नाही. स्वयंपाकघराचा ट्रेलर घ्यायचा आणि चूल बाहेर मांडायची.

झोपेची परवानगी मात्र लगेच मिळाली. गिऱ्हाईक आडवं झालं तर उठून पळत नाही, असा त्यांचा हिशेब असावा. आजूबाजूला गडबड नको म्हणून त्यांनी मैदानावरचं संगीतही बंद करवलं. पलंग मोठा होता. "तुम्ही पण पडा," शैला म्हणाली. "बाहेर उभे राहिलात तर कोणीतरी तुम्हाला परत रिव्हेट शिकवेल."

मी पडलो. पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा दारात एक अनोळखी जोडपं उभं होतं आणि ब्रँडी त्यांना दबक्या आवाजात सांगत होत्या, "बघा, किती आरामशीर आहे!" शैला माझ्या बाजूला छताकडे बघत टक्क जागी.

"परीक्षा माझी होती," ती म्हणाली. "कॉपी तुम्ही केलीत."

त्यावर आम्ही दोघं गाडीत बसेपर्यंत हसलो. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "दोन झाले." तेव्हा मला हसू आलं नाही.

मॉरिसव्हिल

दिलीपचं घर मोठं आहे. तसं तो आपण विचारायच्या आधीच सांगतो. तळमजल्यावर सिनेमाची खोली आहे, तिथल्या खुर्च्या आडव्या होतात. देवघर जयपूरच्या संगमरवराचं, आणि देवापुढे जाऊन उभं राहिलं की दिवा आपोआप लागतो. मी कुतूहलानं दोनदा मागे-पुढे झालो. देव दोन्ही वेळा उजळले. भक्ती किती, हे काही यंत्र विचारत नाही.

पण दिलीप तोच होता. "यार, ट्रेलर? या वयात?" तो म्हणाला. "क्रूझ कर. खायला-प्यायला देतात, बेड मेक करून देतात. परवा आम्ही अलास्का केलं."

"अलास्का केलं म्हणजे काय केलं?"

"बाल्कनीतून पाहिलं."

"थंडी होती म्हणून," रोहिणीने त्याची बाजू घेतली.

संध्याकाळभर जुनी शेकोटी पुन्हा पेटली. वारा आला आणि तंबू उडून तळ्यात गेला ती गोष्ट, केतकीने रॅकूनला बिस्किटं खिलवली ती गोष्ट. जे आता नाहीत त्या दोघांची नावं रोहिणी काढायची आणि पुढचं वाक्य दिलीप पटकन दुसरीकडे न्यायचा.

सकाळी नाश्त्याला थालीपीठ होतं. रोहिणीने विचारलं, "झोप लागली का गं?"

"कुठली! तुझ्या घरात इतकी शांतता आहे की माझाच श्वास मला ऐकू येतो."

"ट्रिपल-पेन विंडोज आहेत," दिलीप अभिमानानं म्हणाला. "आऊटसाइड नॉइज झीरो."

"तंबूत मला कशी झोप लागायची, आठवतं?" शैला म्हणाली. "खाली दगड, वर डास. पण तुम्ही लोक बाहेर मॉर्गेजवरून भांडत बसलेले असायचात. मला निम्मं कळायचं नाही. पण कोणीतरी जागं आहे, बोलतंय, आपल्याला कोणी काही विचारत नाहीये. लगेच डोळा लागायचा."

आम्ही सगळे हसलो. मी तर थालीपीठ दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती आठवण सांगते आहे असंच मला वाटलं. इतकी वर्षं बिघाड शोधण्याचा पगार घेतलेल्या माणसासमोर बिघाड ताटात वाढून ठेवला होता, आणि मी त्याला लोणी लावत होतो.

डोंगरात

तिसरा ट्रेलर पश्चिमेकडच्या डोंगरांत होता. तिथल्या एका कॅम्पग्राउंडवर फायबरग्लासवाल्यांचा मेळावा भरतो, आणि मालकीणबाईंनी ट्रेलर विकायला तिथेच आणला होता. सप्टेंबर संपत आलेला. झाडं वरून लाल व्हायला लागली होती, खालून अजून हिरवी. वळणावर एका टपरीवर पाटी दिसली आणि शैलाने मला गाडी थांबवायला लावली. उकडलेल्या शेंगा! मिठाच्या पाण्यात, मोठ्या पातेल्यात, वाफाळत्या. तिचं बालपण सांगलीचं. "हे इथे कोणी आणलं?" ती टपरीवाल्याला विचारत होती. तो म्हणाला, इथे पहिल्यापासूनच आहेत. दोघंही एकमेकांकडे जरा संशयानं बघत होते. गाडीत टरफलांचा ढीग झाला. ती वळणांवरही खात होती आणि मला सोलून देत होती. या प्रवासात तिला इतकं खूश मी प्रथमच बघत होतो आणि मनात येत होतं, आज दुपारी झोप लागली नाही तर हीच शेवटची शेंग.

मेळाव्यात ते नारळ रांगेनं मांडले होते. पिवळे, निळे, आकाशी, दोन-तीन शैवाळ आलेलेही. प्रत्येकाचं दार उघडं, आणि माणसं एकमेकांच्या घरात डोकावत हिंडताहेत, गणपतीत आपण घरोघरची आरास बघत हिंडतो तशी. फक्त इथे प्रसादाऐवजी कपाटं उघडून दाखवत होते.

मालकीणबाईंचं नाव जून; पूर्वी ती खेड्यापाड्यांतून टपाल वाटायची. उंच, काटक बाई, डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी. तिचा ट्रेलर वरून साईच्या रंगाचा, खालून फिकट हिरवा. विकायचं कारण तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं. "डोळे गेले. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. या खेपेला हिनेच ओढून आणला." ही म्हणजे तिची मैत्रीण पॅट, जी ट्रेलरच्या सावलीत घेवड्याच्या शेंगांची मोठी टोपली घेऊन बसली होती.

मी माझं काम केलं. ओल मोजायचं यंत्र कोपऱ्याकोपऱ्यात लावलं, फरशीवर टाचेनं ठोकून पाहिलं, खाली सरपटून चासी बघितली. दाराजवळची फरशी एकदा बदललेली होती. वजन मी ठरवलेल्यापेक्षा थोडं जास्त. बाथरूम नाही. माझ्या मोजमापात तो तिघांत तिसरा आला.

शैला मात्र पायरीकडे बघत होती. एकच पायरी, उंबरठ्याएवढी. आत मागच्या बाजूला कायमचा पलंग, दिवाणासारखा. चढावं लागत नव्हतं. नुसतं बसायचं आणि पाय वर घ्यायचे. त्यावर हाताने शिवलेली एक गोधडी होती. जून तिला क्विल्ट म्हणते, म्हणजे गोधडीच, फक्त इंग्रजीत.

रोहिणीने बांधून दिलेली थालीपिठं आणि दही खाऊन झालं. मी घसा साफ करून झोपेची परवानगी मागितली.

"काय करणार म्हणाला?" पॅटने विचारलं.

"झोपणार," जून म्हणाली. "झोपू दे. घेण्याआधी मी झोपून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्याच पावसात उशी भिजली होती. मग खिडक्यांचे रिव्हेट बदलले."

शैला आत गेली. मी पडदा ओढला, दार लोटलं, आणि बाहेर येऊन, कसलीशी गोष्ट रंगवत बसलेल्या दोघींना खुणेनं सांगितलं की कृपा करून आवाज नको. त्या चांगल्या बायका. लगेच गप्प झाल्या. घेवडा मोडणंही थांबवलं. हॉस्पिटलच्या बाकावर बसावं तसे आम्ही तिघं बसलो. पलीकडून एक मुलगा सायकलची घंटी वाजवत आला, त्यालाही मी हात वर करून थांबवलं.

बऱ्याच वेळानं खिडकीतून आवाज आला. "अहो, बाहेर काय झालं? सगळे गप्प का बसलेत?"

"तू झोप ना."

"कशी झोपू? मघाशी छान चाललं होतं त्यांचं. त्यांना बोलू द्या हो."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तंबूबाहेरच्या गप्पांचं तिने मॉरिसव्हिलला सांगितलंच होतं, आणि मी मात्र तिच्यासाठी शांतता शोधत हिंडत होतो. मी दोघींना तिची झोपेची अट आणि त्या तंबूतल्या झोपेचं सगळं सांगितलं. पॅटचा जीव भांड्यात पडला, कारण मघाशी त्यांची गोष्ट अर्ध्यावर अडकली होती. माझ्या मांडीवर एक परात आली आणि घेवडा मोडायला लावून मलाही कामाला घेतलं. तुकडे लहानमोठे होताहेत म्हणून दोनदा ओरडाही मिळाला.

गोष्ट डोरीन नावाच्या बाईची होती. दर वर्षी मेळाव्याला यायची, यंदा दिसत नव्हती. तिचा नवरा म्हणाला, आता आपलं वय झालं, ट्रेलर विकून टाकू. डोरीन बरं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशी घेऊन अंगणातल्या त्याच ट्रेलरमध्ये राहायला गेली. नवऱ्याला वाटलं, जेवायच्या वेळेला येईल. ती आली नाही. तिने तिथेच अंडी तळली.

"बेकन," पॅट म्हणाली.

"अंडी," जून म्हणाली. "मी तिच्याशी बोललेय. त्याला घराच्या खिडकीतून ती दिसायची. आधी चिडला. मग रोज तिचं टपाल घेऊन दारापर्यंत जायला लागला. एके दिवशी कुत्र्याला घेऊन गेला..."

"खुर्ची घेऊन गेला, जून. कुत्रा नंतर."

टक्, टक्, घेवडा मोडत होता. दोघी आवाज न चढवता, कोणालाही ऐकवायचं नसल्यासारख्या वाद घालत होत्या. आणि पडद्यामागून एक हलकी, लांब घरघर आली. ती घरघर मला चांगली ओळखीची आहे, जरी शैला ती अजूनही मान्य करत नाही. ऑपरेशनच्या आधीपासून मी ती ऐकली नव्हती. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

जूननेही ऐकली. तिने खिडकीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "म्हणजे गेला माझा ट्रेलर."

पॅट लगेच बोलायची थांबली.

"थांबू नकोस," जून तशाच आवाजात म्हणाली. "उठेल ती."

पण पॅटला पुढे बोलवेना. ती टोपलीत बघत बसली. मग जून एकटीच बोलायला लागली. डोरीनचं नाही, कशाचंच नाही. आपल्या टपालाच्या वाटेवरच्या घरांचं: कोणाच्या पेटीत चिमण्यांनी घरटं केलं होतं, कोणाचा कोंबडा गाडीमागे धावायचा, पुलाच्या पलीकडे कोण राहायचं. एकसारख्या, सपाट आवाजात, घेवडा मोडत. तिला ट्रेलर राखायचा असता तर एकच करायचं होतं, गप्प बसायचं. ती बोलत राहिली. सावली सरकून आमच्या पायांवरून गेली तरी बोलत राहिली. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, हारतुऱ्यांसकट. इतकं उदार बोलणं ऐकल्याचं आठवत नाही.

शेवटी पडदा हलला. शैला दारात आली. केस एका बाजूला चपट झालेले, गालावर गोधडीच्या शिवणीचा वळ, डोळे लहान मुलासारखे सुजलेले. चौकटीला धरून ती एका पायरीत खाली उतरली. मी परात बाजूला ठेवून उभा राहिलो. आता निकाल सांगेल म्हणून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. जूनला म्हणाली, "मग त्या नवऱ्याचं पुढे काय झालं? तिने त्याला आत घेतलं का नाही?"

जूनने टोपी मागे सारली आणि बाजूच्या नसलेल्या नजरेनं चाचपडत एक खुर्ची पुढे ओढली. "तू कुठपर्यंत ऐकलंस?"

"कुत्र्यापर्यंत."

"खुर्चीपर्यंत," पॅट म्हणाली.

"असं करते," जून म्हणाली, "पहिल्यापासून सांगते." शैला खुर्चीत बसली आणि तिने माझी परात आपल्या मांडीवर घेतली.